ट्रेलर चालू असताना दार उघडू नये

बेळगावच्या बाजारपेठेतील एक जुने एकपडदा चित्रपटगृह बरेच महिने बंद होते. नव्या खुर्च्या, नवा पडदा, लेझर प्रोजेक्टर आणि नवी ध्वनियंत्रणा घेऊन ते यंदा पुन्हा सुरू झाले आणि ऐन आषाढात मी तेथे तीन वेळा जाऊन आलो. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्या निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या बहुतेक जुन्या चित्रपटगृहांत थोड्याफार फरकाने आढळतात आणि एकट्या याच मालकाच्या पदरात त्या टाकणे न्यायाचे होणार नाही. मुख्य चित्रपट भयपट होता. त्याविषयी येथे काहीच लिहिणार नाही. तो तीनदा पाहावा असा नव्हता आणि तिसऱ्या खेपेस तर मी मध्यंतरातच उठलो. मी गेलो होतो तो त्याच्या आधी दाखवल्या जाणाऱ्या तीन ट्रेलरसाठी. एक कानडी, एक हिंदी आणि एक मराठी असे ते तीनही भयपटांचेच होते.

चित्रपटगृहाची पारख ट्रेलरवरून करणे काहींना विचित्र वाटेल. परंतु दोन तासांच्या चित्रपटाला प्रेक्षकाला हळूहळू आपल्या कह्यात घेण्याची सवड असते, ती ट्रेलरला नसते. अमेरिकेतील चित्रपटगृहांत दाखवायच्या ट्रेलरना अडीच मिनिटांची मर्यादा असते आणि आपल्याकडचे ट्रेलरही साधारण त्याच मापाने कापलेले असतात. एवढ्या वेळात, अजून खुर्चीत नीट न बसलेल्या आणि शेजाऱ्याशी पार्किंगविषयी बोलत असलेल्या माणसाच्या अंगावर काटा आणायचा, तर ऐकू येईल न येईल अशा श्वासापासून छातीत धडकणाऱ्या ठोक्यापर्यंत आणि मिट्ट काळोखापासून डोळे दिपवणाऱ्या उजेडापर्यंत सगळे काही त्यात कोंबावे लागते. चित्रपटगृहाच्या पडद्याची, स्पीकरची आणि व्यवस्थापनाची यापेक्षा कठीण परीक्षा मला तरी ठाऊक नाही. त्यात माझी एक वैयक्तिक खोड आहे. तरुणपणी मी एकांकिका स्पर्धांसाठी पार्श्वध्वनी करीत असे आणि शहापुरातील एका वाड्याच्या दिंडी दरवाजाची करकर टेपवर घेण्यासाठी एक अख्खी रात्र जागलो होतो. तेव्हापासून कोणत्याही सभागृहात शिरलो की आधी कान टवकारले जातात.

पहिल्यांदा गेलो तो शुक्रवारचा संध्याकाळचा खेळ होता आणि तिकीट बाल्कनीचे काढले होते. खुर्च्या उत्तम आहेत, दोन रांगांमध्ये गुडघे न आखडता बसता येईल इतके अंतर आहे, आणि मधल्या स्पीकरमधून येणारे संवाद, मग ते कोणत्याही भाषेतील असोत, स्वच्छ आणि सुटे ऐकू येतात. ही शेवटची गोष्ट सोपी नाही. मधला स्पीकर छिद्रे असलेल्या पडद्याच्या मागे असतो आणि जुन्या सभागृहांत त्याचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. येथे तसे होत नाही. याचे श्रेय मालकांना द्यायला हवे.

पहिला ट्रेलर कानडी होता. त्याची सुरुवात गावाबाहेरच्या एका विहिरीने होते. विहिरीवर रहाट, मागे भरून आलेले आभाळ, पलीकडे अर्धवट पडलेली भिंत. कॅमेरा जागचा हलत नाही. कोणी बोलत नाही. आठ-दहा सेकंद काहीच घडत नाही, आणि नेमके तेच काम करते, कारण कॅमेरा हलत असता तर कोठे पाहायचे हे त्याने आपल्याला सांगितले असते. तो स्थिर राहतो तेव्हा हे शोधण्याचे काम आपल्या डोळ्यांवर पडते आणि भ्यालेला डोळा नेहमी कोपऱ्यांकडे जातो. पुढच्या दृश्यात एक म्हातारी स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेली दिसते, परंतु ती चौकटीच्या उजव्या कडेला आहे आणि डावीकडचा मोठा भाग मागच्या काळोख्या दाराला दिलेला आहे. ती मोकळी जागा कोणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी वाटते. ट्रेलर बनवणारा माणूस येथे काहीही दाखवत नाही, तो फक्त पाट मांडून ठेवतो, आणि त्यावर कोण येऊन बसणार याची काळजी आपण करीत राहतो. स्थिर चौकटीचा हा उपयोग जुना आहे. ‘द शायनिंग’ या १९८० सालच्या भयपटाचा पहिला ट्रेलर संपूर्णपणे एकाच दृश्याचा होता : लिफ्टची बंद दारे, खालून वर सरकणारी नावे, आणि शेवटी दारांच्या फटीतून लोटत येणारे रक्त. कॅमेरा त्यातही तसूभर हलत नाही.

आता या चित्रपटगृहाची पहिली उणीव. त्या काळोख्या दारात एक आकृती उभी आहे. ती एकदम दिसू नये, दोन-तीन सेकंदांनी डोळ्यांना कळावी, अशा बेताने छायाचित्रकाराने तिला काळ्यापेक्षा जेमतेम एका छटेने उजळ ठेवले आहे. परंतु पडद्याच्या डाव्या बाजूला, बरोबर त्याच उंचीवर, बाहेर जाण्याच्या दारावरची दिव्याची पाटी आहे आणि तिचा उजेड पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर सांडतो. त्यामुळे मुळातला गर्द काळोख तेथे राखेच्या रंगाचा दिसतो आणि आकृती त्या राखेत विरघळून जाते. शुक्रवारी ती मला दिसलीच नाही. दुसऱ्या खेपेस खाली बसलो तेव्हा ती तेथे असल्याचा शोध लागला. चित्रपटगृहातील पडद्यावरचा पांढरा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजळपणाचे एक माप) असावा असे प्रमाण ठरलेले आहे आणि नव्या प्रोजेक्टरचा पांढरा रंग येथे खरोखरच लख्ख दिसतो. मात्र भयपटाचे पोट पांढऱ्यावर भरत नाही, काळ्यावर भरते, आणि काळा रंग प्रोजेक्टर देत नसून सभागृह देत असते. दाराची पाटी विझवावी असे मी अर्थातच म्हणणार नाही, ती सुरक्षेसाठी लागतेच. तिच्या पडद्याकडच्या बाजूला पत्र्याचा वीतभर आडोसा लावला तरी पुरे.

जाता जाता आणखी एक. मुख्य चित्रपट रुंद चौकटीचा आणि ट्रेलर कमी रुंदीचे, त्यामुळे ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना पडद्याच्या करड्या पट्ट्या उघड्या राहतात. पूर्वी अशा वेळी काळे पडदे सरकवून चौकट बेतशीर करीत असत. नूतनीकरणात ते काढून टाकलेले दिसतात.

ध्वनीकडे वळतो, कारण खरी गंमत आणि खरी तक्रार दोन्ही तेथे आहेत. विहिरीच्या त्या स्थिर दृश्याखाली एक खोल घुमणे चालू असते. त्याला सूर म्हणावे तर चाल नाही, आवाज म्हणावे तर उगम नाही. दूरवर दळणाची गिरणी चालू असावी तसे ते असते. माणसाचा कान खाली साधारण २० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला वीस कंपनांपर्यंतचे, आवाज ऐकू शकतो आणि चित्रपटाच्या ध्वनीत १२० हर्ट्झच्या खालच्या घुमण्यासाठी सबवूफरचा वेगळा मार्ग राखलेला असतो. इतके खालचे आवाज कानापेक्षा छातीला आणि खुर्चीच्या पाठीला अधिक कळतात. ते कोणत्या दिशेने येतात हे सांगता येत नाही, म्हणून डोळे शोधतात त्याचप्रमाणे कानही शोधू लागतात. खालच्या वर्गात, आठव्या ते दहाव्या रांगेच्या मध्यभागी, हे घुमणे गोल आणि भरीव ऐकू येते. बाल्कनीत मात्र त्याची लापशी होते, शिवाय बाल्कनीचा जुना लोखंडी कठडा त्या घुमण्याबरोबर झणझणू लागतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांना तो ट्रेलरमधलाच आवाज वाटला, आणि खरे सांगायचे तर तो फार वाईट लागत नव्हता. फक्त तो पुढे प्रेमगीताच्या ढोलकीलाही साथ देत राहिला.

पावसाचेही असेच. ट्रेलरमध्ये पाऊस पडू लागतो तेव्हा तो भिंतींवरच्या स्पीकरमधून आपल्या चहूबाजूंनी पडतो. त्याच वेळी बाहेर बेळगावचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि कोणता थेंब कोणाचा हे सांगणे कठीण झाले होते. जून ते सप्टेंबर या काळात या चित्रपटगृहात भयपट पाहणाऱ्यांना हा लाभ तिकिटाव्यतिरिक्त मिळतो.

दुसरा ट्रेलर, हिंदीतला, मला फारसा भावला नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात सांगतो. तो पाळतीच्या कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइलच्या चित्रीकरणाचा आव आणतो : छताच्या कोपऱ्यातून दिसणारी खोली, कडेला पळणारे वेळेचे आकडे, हिरवट उजेड, मग हातात धरलेल्या कॅमेऱ्याची धावपळ. पहिल्या मिनिटात एकेक दृश्य पाच-सहा सेकंद टिकते, शेवटच्या वीस सेकंदांत एकही दृश्य सेकंदभर टिकत नाही, प्रत्येक तुकड्यावर एक ठोका पडतो आणि दोन तुकड्यांमध्ये क्षणभर निव्वळ काळा पडदा येतो. या काळ्या क्षणांत आपण काय पाहिले ते मनात जुळवत असतो आणि जुळवून होण्याच्या आत पुढचे येऊन आदळते. शेवटी चित्रपटाचे नाव येते, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि नावानंतर पुन्हा एक चेहरा पडद्यावर झेपावतो. ही युक्ती आता इतकी वापरून झाली आहे की माझ्यामागच्या कॉलेजच्या मुलांनी नाव दिसताच मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली आणि चेहरा त्यांच्या ‘मूरु’वर, म्हणजे तिनावर, आला. ज्यांना ही युक्ती ठाऊक नव्हती ते तोवर मोबाइल काढून बसले होते, आणि तीस-चाळीस मोबाइलच्या उजेडात तो चेहरा कोणालाच भिववू शकला नाही.

तिसरा ट्रेलर मराठी. आपल्या भागात मराठी चित्रपटाला दिवसातून एखादाच खेळ मिळतो आणि तोही पुष्कळदा अडनिड्या वेळी, त्यामुळे मराठी ट्रेलर सुरू होताच सभागृहात जी सळसळ होते ती केवळ करमणुकीची नसते. परंतु हा ट्रेलर खरोखरच फार चांगला होता आणि भाषेचा जिव्हाळा बाजूला ठेवूनही मी हे म्हणेन. त्यात रक्त नाही, मुखवटे नाहीत. एक जुने घर, माजघरातील झोपाळा, त्यावर बसून मुलाला अंगाई म्हणणारी आई. कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे इतक्या सावकाश सरकतो की तो सरकतो आहे हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळते. चेहरा मोठा होत जातो तसे भोवतालचे घर चौकटीबाहेर ढकलले जाते. आधी दिसत असलेले दार आता दिसत नाही, आधी दिसत असलेली मुलाची बोटे आता दिसत नाहीत, आणि जे दिसेनासे झाले त्याचीच धास्ती वाढत जाते. मग कॅमेरा तिला सोडून माजघरावरून संथपणे फिरतो आणि परत तिच्यावर येतो. पहिल्या फेरीत भिंतीच्या खुंटीवर एक साडी लटकलेली असते, दुसऱ्या फेरीत खुंटी रिकामी असते. संगीताने या बदलाकडे बोट दाखवलेले नाही. दोन्ही वेळा फक्त झोपाळ्याची करकर चालू असते. मला ती खुंटी दुसऱ्या खेपेस दिसली, आणि शेजारी बसलेल्या माझ्या भाचीने ती पहिल्याच खेपेस पाहून माझे मनगट धरले.

या करकरीपाशी येऊन माझा जुना धंदा जागा झाला. झोपाळा पडद्यावर डावीकडे जातो तेव्हा करकर डाव्या भिंतीवरून यावी आणि उजवीकडे येतो तेव्हा उजव्या भिंतीवरून, अशा हिशोबाने ध्वनिमिश्रण केलेले असणार, कारण त्याशिवाय ती बाजू बदलण्याला काही अर्थच उरत नाही. येथे ते नेमके उलटे होते. झोपाळा डावीकडे आणि करकर उजवीकडे. शुक्रवारी मला वाटले की हा मुद्दाम केलेला चकवा आहे. मंगळवारी दुपारच्या खेळाला परत गेलो, खाली मध्यभागी बसलो, आणि कानडी ट्रेलरमध्ये उजव्या कडेने आत येणारा माणूस डाव्या भिंतीवर पावले वाजवू लागला तेव्हा खात्री पटली : भिंतींवरच्या स्पीकरच्या तारा डाव्या-उजव्या उलट जोडल्या गेल्या होत्या. एवढा खर्च करून बसवलेली यंत्रणा आणि दोन तारांच्या अदलाबदलीने तिचे अर्धे चातुर्य वाया जात होते.

त्याच मंगळवारी बसचा प्रसंग घडला. मराठी ट्रेलरच्या शेवटाकडे ती आई रात्री उठून मुलाच्या खोलीपाशी जाते. तोवर तंतुवाद्यांचा एक आवाज खालून वर, वर, आणखी वर चढत गेलेला असतो; ती कडीवर हात ठेवते आणि सगळे एकदम थांबते. पडदा काळा. घुमणेही बंद. त्या शांततेत फक्त एक श्वास ऐकू येतो आणि तो मुलाचा नसतो. भयपटाच्या ट्रेलरमधील सर्वांत मोलाचा पदार्थ म्हणजे ही शांतता होय, कारण मिनिटभर आवाजाने भरून टाकलेला कान तो आवाज थांबताच भुकेल्यासारखा होतो आणि सापडेल तो आवाज वेचू लागतो. चढत जाणारा आवाज कोठेतरी फुटणार हे आपल्याला कळलेले असते. तो फुटत नाही, तुटतो, आणि फुटणे अजून बाकी आहे या जाणिवेवर आपल्याला टांगून ठेवले जाते. नेमक्या त्या क्षणी उशिरा आलेल्या कोणीतरी बाजूचे दार उघडले, दुपारच्या उन्हाची एक पट्टी थेट पडद्यावर पडली, आणि बाहेरच्या थांब्यावर उभ्या राहिलेल्या शहर बसने ब्रेकची हवा सोडली : फिस्स! अख्खे सभागृह दचकले, मग स्वतःवरच हसले, आणि दोन सेकंदांनी ट्रेलरमधला खरा धक्का आला तेव्हा त्याच्यासाठी कोणाजवळ काही शिल्लक नव्हते.

योगायोग असा की भयपटांच्या इतिहासातील एक प्रसिद्ध धक्का अशाच एका बसचा आहे. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात एक स्त्री रात्री एकटी चाललेली असते, मागे पावले वाजत असतात, ती थांबतात, आता झेप पडणार असे वाटते, आणि चौकटीच्या कडेने फिस्सकन आवाज करीत एक बस आत शिरते. त्या चित्रपटाचे निर्माते व्हाल ल्यूटन यांच्यावरून अशा फसव्या धक्क्याला ‘ल्यूटन बस’ असे नावच पडले. फरक इतकाच की त्यांच्या बसची वेळ संकलकाने ठरवलेली होती.

खेळ संपल्यावर मी प्रोजेक्शन केबिनचा जिना चढलो. तेथील ऑपरेटर साठीच्या आसपासचे आहेत, सारे कामगार त्यांना मामा म्हणतात, आणि रिळांच्या काळापासून त्यांनी हे काम केले आहे. मी आधी स्पीकर आणि केबिनच्या स्वच्छतेची स्तुती केली, मग तारांविषयी बोललो. त्यांनी वाद घातला नाही. “आवाज इकडचा तिकडं हुतोय असं मला पण वाटलं होतं बगा, पण इथं काचेमागं काय कळतंय?” असे म्हणून त्यांनी वहीत टिपून घेतले. मग मी ध्वनियंत्रावरच्या आकड्याकडे पाहिले. तो पाच होता.

हा आकडा सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसतो, परंतु त्याच्या अनुभवाचा निम्मा भाग तोच ठरवतो. चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रावर सात हा प्रमाण आकडा मानलेला आहे. यंत्रणा बसवताना ठरलेल्या चाचणी आवाजाला पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर प्रेक्षकांच्या जागी ८५ डेसिबल देईल असे त्या आकड्यावर जुळवतात, आणि चित्रपटाचे ध्वनिमिश्रण करणारेही याच हिशोबाने ऐकत बसलेले असतात. सातावरून पाचावर आले की आवाज सुमारे सात डेसिबलनी उतरतो. एवढ्याने ठोके आणि किंकाळ्या काही मरत नाहीत, त्या मुळातच भरपूर मोठ्या असतात. मरतात ते बारीक आवाज : श्वास, पैंजणाचे एकच घुंगरू, कडीवर टेकलेल्या बांगडीची किणकिण. ते वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली जातात. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आणि खालच्या गायब, आणि मग प्रेक्षक म्हणतो की हल्लीच्या भयपटांत नुसता आरडाओरडा असतो.

मामांची बाजूही ऐकण्यासारखी होती. “कमी ठेवलं म्हणून कोण पण भांडायला येत नाही की वो. वाढवलं की लगेच बाल्कनीतनं माणूस वर येतोय. लहान पोरं घेऊन आलेली असतात.” जाहिराती आणि ट्रेलर हे मुख्य चित्रपटापेक्षा कर्कश असतात अशी त्यांची तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. अमेरिकेत याच तक्रारीमुळे ट्रेलरच्या आवाजाला सरासरी ८५ डेसिबलची मर्यादा त्या धंद्यातील लोकांनीच घालून घेतली. पण सरासरीची मर्यादा हुशार माणसाला अडवत नाही : तो दोन मिनिटे कुजबुजतो आणि वाचवलेले सगळे शेवटच्या एका धक्क्यावर उधळतो. मामा जाहिरातींसाठी आकडा पाचावर आणतात आणि मुख्य चित्रपट सुरू झाला तरी पुष्कळदा तो तेथेच राहतो. मी त्यांना विनंती केली की एखाद्या कमी गर्दीच्या खेळाला सहावर ठेवून पाहावे. त्यांनी होय किंवा नाही काहीच न म्हणता चहा मागवला.

किंकाळीविषयी येथेच सांगून टाकतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा इतक्या वेगाने वरखाली होते, साध्या बोलण्यात होते त्याच्या कितीतरी पट अधिक वेगाने, आणि हा खरखरीतपणाच मेंदूतील भीतीच्या केंद्राला जागा करतो. ट्रेलरमध्ये किंकाळीच्या आधी येणारी घासणारी तंतुवाद्ये, गंजलेले बिजागर, लोखंडावर ओढलेले लोखंड हे सगळे याच खरखरीच्या जातीचे आहेत. किंकाळी येण्याआधीच तिची चव कानाला लावून ठेवलेली असते. हलक्या स्पीकरमधून प्रत्येक मोठा आवाज खरखरीतच होतो, त्यामुळे गाणे, हॉर्न आणि किंकाळी यांत फरक उरत नाही. या चित्रपटगृहात तो फरक स्पष्ट ऐकू येतो आणि त्यासाठी मी त्याला इतरांपेक्षा वरचे स्थान देईन.

प्रेक्षकांविषयी एक निरीक्षण. शुक्रवारी माझ्यापुढे एक मराठी कुटुंब होते आणि मागे कानडी बोलणारी मुले. कानडी ट्रेलरमध्ये म्हातारी काहीतरी पुटपुटते तेव्हा पुढच्या लहान मुलीने आईला विचारले, “ती काय म्हणाली?” आईला ते नीट ऐकू आले नव्हते, म्हणून उत्तर मागच्या मुलांपैकी एकाने दिले, मोडक्या मराठीत : “मागं बगू नको म्हणाली.” मुलीने लगेच मागे पाहिले. आपल्याकडे उपशीर्षकांची ही सोय फार जुनी आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्वच्छतागृह स्वच्छ आहे. मध्यंतरात मिळणारी मिरची भजी गरम असतात, परंतु ती ज्या प्लास्टिकच्या कागदात देतात त्याची चुरचूर मध्यंतरानंतर पंधरा मिनिटे चालू राहते, आणि वर शांततेविषयी जे लिहिले ते येथेही लागू आहे. वृत्तपत्राचा कागद निदान मुकाट्याने चुरगळतो. बाल्कनीचे तिकीट खालच्यापेक्षा महाग असले तरी भयपटासाठी मी खालचेच सुचवेन, आठवी ते दहावी रांग, मध्यापासून किंचित उजवीकडे, म्हणजे दारावरच्या पाटीचा उजेडही कमी त्रास देतो. खेळ रात्रीचाच घ्यावा. दुपारी दार उघडले की ऊन आत येते आणि थांब्यावर बसगाड्याही अधिक असतात.

तिसऱ्यांदा गेलो तो आठवड्यानंतर, रात्रीच्या खेळाला. कानडी ट्रेलरमधला माणूस उजवीकडून आला आणि त्याची पावले उजव्या भिंतीवरच वाजली. तारा बदलल्या गेल्या होत्या. झोपाळा डावीकडे गेला तेव्हा करकर डावीकडे गेली, आणि माजघराची रुंदी प्रथमच कानांना कळली. आकडा किती ठेवला होता हे मी विचारले नाही, परंतु अंगाईच्या दोन ओळींमध्ये आई घेत असलेला श्वास ऐकू येत होता, जो आधीच्या दोन्ही खेपांना मी ऐकला नव्हता. पाटीला आडोसा अजून लागलेला नाही. बाजूच्या दारापाशी मात्र आता एक मुलगा उभा केला होता, सतरा-अठरा वर्षांचा, हातात बॅटरी. उशिरा येणाऱ्याला ट्रेलर संपेपर्यंत बाहेरच थोपवायचे आणि दारावरचा जाड पडदा घट्ट धरून ठेवायचा एवढेच त्याला काम दिलेले होते. आई कडीपाशी आली. तंतुवाद्ये चढत गेली आणि तुटली. पडदा काळा झाला, सभागृहात कोणी हलले नाही, आणि तो श्वास मागच्या उजव्या कोपऱ्यातून, अगदी कोणाच्या तरी मानेजवळून आल्यासारखा आला. मी सवयीने दाराकडे पाहिले. मुलगा दोन्ही हातांनी पडदा आवळून, तोंड अर्धवट उघडे ठेवून, आमच्यासारखाच समोर पाहत होता. धक्का आला तेव्हा सर्वांत उंच उडी त्याची होती, आणि बॅटरी हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेली.